फिरत्या घराच्या संडासाला ब्लीच नको

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोटरहोम भाड्याने घेऊन स्कॉटलंडमध्ये केलेल्या कौटुंबिक सहलीवरचा लेख वाचला. लेख रंजक आहे, आणि मुक्कामाच्या जागा, अरुंद रस्ते, गॅसची टाकी यांविषयीची त्यातली माहिती उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. परंतु लेखाच्या शेवटी चौकटीत ज्या सूचना छापल्या आहेत, त्यांतील एक वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. गाडीतल्या संडासाला वास येऊ लागल्यास टाकीत दोन झाकणे ब्लीच किंवा फिनाईल ओतावे, असे तेथे म्हटले आहे. ही सूचना निरुपयोगी तर आहेच, पण तिच्यातला ब्लीचचा भाग घातक आहे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत परदेशी जाणारी आपली वाचक कुटुंबे ती पाळतील या धास्तीने हे पत्र लिहीत आहे. विषय जेवणाच्या टेबलावर काढण्यासारखा नाही, याची मला कल्पना आहे. पण मोटरहोममध्ये जेवणाचे टेबल आणि संडास यांच्यात जेमतेम चार फुटांचे अंतर असते, त्यामुळे तेथे हा विषय टाळताही येत नाही.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे नोकरी केली. मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतात आणि दर उन्हाळ्यात आम्ही दोघे काही महिने त्यांच्याकडे असतो. चार वर्षांपूर्वी त्यांनी एक जुने मोटरहोम विकत घेतले. विकणाऱ्याने आत लव्हेंडरच्या वासाच्या तीन चकत्या टांगून ठेवल्या होत्या. त्या कशासाठी होत्या, हे पहिल्याच उन्हाच्या दिवशी कळले. जावयाने बाजारातली निळी, हिरवी, गुलाबी अशी सगळी द्रव्ये आणून ओतली, टाकी तीन-तीनदा खळबळून धुतली, तरी दुपारी गाडी तापली की एखाद्या जुन्या एसटी स्थानकाच्या मागच्या बाजूची आठवण व्हावी असा उग्र दर्प पुन्हा हजर होत असे. शेवटी एका शनिवारी ते काम मी अंगावर घेतले. त्या दिवसापुरता आमच्या सौभाग्यवतींनी मला स्वयंपाकघरात येण्यास मनाई केली होती, हे ओघाने आलेच.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. युरोपातल्या बहुतेक मोटरहोममध्ये संडासाच्या भांड्याखाली 'कॅसेट' असते. कॅसेट म्हणजे साधारण १८ ते २० लिटरची, प्रवासी बॅगेसारखी चपटी प्लास्टिकची टाकी; गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या छोट्या दारातून ती ओढून काढता येते. टाकीच्या तोंडावर, म्हणजे भांड्याच्या बरोबर खाली, एक सरकते झाकण असते आणि ते रबरी सीलवर घट्ट बसते. भांडे आणि टाकी यांच्यामध्ये उभा असलेला पहारेकरी तो एवढाच. याखेरीज टाकीला हवेचा एक छोटा व्हॉल्व्ह, टाकी किती भरली हे दाखवणारा तरंगता गोळा आणि ओतण्यासाठी फिरणारी सोंड असते. अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांत टाकी गाडीखाली कायमची बसवलेली असते आणि जाड नळीने रिकामी करावी लागते, पण वासाचे शास्त्र दोन्हीकडे एकच.

ताज्या मूत्राला फारसा वास नसतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. त्यातल्या युरियाचे जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, तेव्हा तो डोळ्यांत जाणारा दर्प सुटतो. अमोनियामुळे टाकीतले द्रव अल्कधर्मी होते, आणि अशा द्रवात मूत्रातले कॅल्शियम व मॅग्नेशियम फॉस्फेटच्या रूपाने बाहेर पडून टाकीच्या भिंतींवर, सरकत्या झाकणाच्या खालच्या अंगाला आणि सीलच्या खाचेत थर धरू लागतात. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गातून जो मुतखडा होतो त्याची घडण हीच, म्हणजे मोटरहोमच्या टाकीलाही मुतखडा होतो असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. हा खडा खरखरीत आणि सच्छिद्र असतो. त्या छिद्रांत जिवाणू सुखाने नांदतात, टाकी कितीही विसळली तरी जागचे हलत नाहीत, आणि नव्या मूत्राची अर्धी वाटी मिळताच कामाला लागतात. जावयाची सगळी रंगीत द्रव्ये वाया का गेली, याचे उत्तर या थरात होते.

आता ब्लीचविषयी. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाणी. अमोनियाशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन नावाची वायुरूप द्रव्ये तयार होतात आणि ती डोळे, घसा व फुप्फुसे यांना झोंबतात. घरच्या संडासात हे प्रमाण थोडे असते आणि खिडकी उघडी असते. मोटरहोमचे न्हाणीघर मात्र एखाद्या कपाटाएवढे, आणि टाकीत कित्येक लिटर जुने मूत्र साठलेले. वास गेला नाही म्हणून चिडून कोणी त्याच टाकीत हायड्रोक्लोरिक आम्ल असलेला नेहमीचा टॉयलेट क्लीनर ओतला, तर क्लोरीन वायूच सुटतो. ज्या वायूच्या सिलिंडरजवळ आम्ही कारखान्यात मुखवटा हाताशी ठेवल्याशिवाय फिरकत नव्हतो, तो वायू सुट्टीवर गेलेल्या मुलाबाळांच्या डोक्याशी तयार करण्याची ही कृती आहे. एवढे करूनही खडा जिथल्या तिथे राहतो, कारण ब्लीच त्याला विरघळवत नाही. ते फक्त त्याचा रंग उडवते, आणि टाकी पांढरी दिसू लागल्यामुळे माणूस फसतो. शिवाय वारंवार ब्लीच लागून रबरी सील कडक होते आणि मग खरोखरच वासाला वाट मिळते. फिनाईलबद्दल इतकेच म्हणेन, की त्याने दर्पाला दुसरा एक दर्प येऊन मिळतो.

खडा अल्कधर्मी द्रवात बनतो, म्हणून तो आम्लात विरघळतो, आणि त्यासाठी तीव्र आम्लाची मुळीच गरज नाही. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून जे दाणेदार सायट्रिक आम्ल मिळते, ढोकळ्यात घालतो तेच, ते पुरते. मी हातमोजे आणि चष्मा चढवला, रिकामी केलेली कॅसेट परसात नेली, आत ब्लीचचा अंश उरू नये म्हणून ती साध्या पाण्याने दोनदा विसळली आणि प्रथम सील काढले. सीलच्या मागच्या खाचेतून बोटभर लांबीची, करड्या-पिवळ्या रंगाची, ओल्या खडूसारखी कड निघाली. तिचा नखाएवढा तुकडा काचेच्या पेल्यात ठेवून त्यावर मी आम्लाचे पाणी टाकले. बारीक बुडबुडे आले, आणि पाऊण तासात तुकडा नाहीसा होऊन तळाशी थोडा गढूळपणा उरला. तो पेला नंतर फेकून दिला, हेही येथे नोंदवून ठेवतो, कारण घरात त्यावरून बराच काळ चर्चा चालली.

त्या पेल्यावरून खात्री पटल्यावर दहा लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो सायट्रिक आम्ल विरघळवून ते टाकीत भरले. पाणी कोमटच हवे. उकळत्या पाण्याने प्लास्टिक वाकते आणि सीलची बैठक बिघडते. पहिले दोन-तीन तास सोंडेचे झाकण सैल ठेवावे, कारण थरातल्या कार्बोनेटमुळे वायू सुटतो आणि घट्ट बंद टाकी फुगते. त्यानंतर झाकण लावून टाकी या कुशीवरून त्या कुशीवर करीत राहावे. यात एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे खडा टाकीच्या तळापेक्षा तिच्या छताला, सरकत्या झाकणाच्या भोवती अधिक असतो आणि टाकी नुसती सरळ ठेवली तर आम्ल तेथपर्यंत पोहोचतच नाही. मी सील परत बसवून टाकी रात्रभर परातीत जवळपास पालथी ठेवली होती. सकाळी ओतली तेव्हा तांबूस पाण्याबरोबर ओल्या अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे पडले. हाच प्रयोग दुसऱ्या रात्री केल्यावर पाणी जवळपास नितळ निघाले. ओतताना हवेच्या व्हॉल्व्हची कळ दाबून धरावी, म्हणजे टाकी गटागटा न ओकता एका धारेत रिकामी होते आणि पायांवर शिंतोडे उडत नाहीत. आमच्या गाडीत तो व्हॉल्व्हही कागदाच्या लगद्याने बुजला होता. कान साफ करण्याच्या कापूसकाडीने तो मोकळा केला.

सीलकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते. ते दर तीन वर्षांनी बदलावे असे उत्पादक सांगतात, आणि आमचे बहुधा गाडीच्याच वयाचे होते. वाकवल्यावर त्यावर बारीक भेगा दिसल्या. नवे बसवले आणि त्याला सिलिकोनचे वंगण लावले. व्हॅसलीन लावू नये, कारण खनिज तेलाने हे रबर फुगते. आमच्या घरून खोबरेल तेलाची सूचना आली होती, पण खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठते, आणि इंग्लंडमध्ये जून महिन्यातही ते बाटलीत गोठलेलेच असते. सरकते झाकण त्याने सरकण्याऐवजी अडकले असते. सील नीट बसले की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. टाकीत चार-पाच लिटर पाणी घालावे, झाकण सरकवून बंद करावे आणि टाकी कोरड्या वर्तमानपत्रावर पालथी धरावी. एकही थेंब पडला तर पुन्हा काढून बसवावे. (वर्तमानपत्र आपलेच होते, राग नसावा.) गाडी हिवाळ्यात उभी करून ठेवायची असेल तेव्हा टाकी कोरडी करून सरकते झाकण अर्धवट उघडे ठेवावे, म्हणजे रबर चिकटून बसत नाही.

कॅसेट बाहेर असतानाच बॅटरी घेऊन त्या छोट्या दारातून आत डोके घालावे लागते, हे मात्र कोणी सांगत नाही. वर भांड्याचा तळ दिसतो, आणि कॅसेटचे तोंड जेथे त्याला भिडते त्या कडेला वर्षानुवर्षांचे शिंतोडे वाळलेले असतात. खाली कप्प्याच्या फरशीवरही ओघळ असतात. टाकी लख्ख झाल्यावरही उरलेला वास आमच्याकडे येथून येत होता. जुना दात घासायचा ब्रश, तेच आम्लाचे पाणी आणि मानेला लागलेली रग, एवढ्यावर ते काम झाले.

एवढे होऊनही चालत्या गाडीत अधूनमधून वास येतच राहिला, आणि येथे माझी तीस वर्षांची रसायनशास्त्राची नोकरी कामाला आली नाही. निदान केले आमच्या सौभाग्यवतींनी. गाडी उभी असताना वास नाही, चालू असताना आहे, आणि छताची खिडकी उघडली की वाढतो, तेव्हा तो संडासाचा असूच शकत नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. मोरीच्या आणि बेसिनच्या सांडपाण्याची टाकी वेगळी असते. बऱ्याच गाड्यांत त्या नळ्यांना पाणी धरून ठेवणारा बाक धडसा नसतो, किंवा असतो तो प्रवासात हिंदकळून रिता होतो. वाऱ्याने छतावरून हवा ओढली जाते, तसा खालच्या टाकीतला आंबूस वास मोरीतून वर येतो. मोरीला आणि बेसिनला रबरी बूच लावून गाडी चालवली आणि प्रश्न मिटला. त्यामुळे वास कोठून येतो याआधी तो केव्हा येतो हे पाहावे, असे माझे मत झाले आहे.

टाकीत नेहमी घालायच्या द्रव्यांविषयीही गल्लत होते. निळ्या द्रव्यांत पूर्वी सर्रास फॉर्माल्डिहाइड असे, आणि काहींत ते अजूनही असते. ते जिवाणू मारून वास थांबवते हे खरे, पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडची गणना मानवी कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत केली आहे. शिवाय जेथे मैला सेप्टिक टाकीत जातो तेथे ते त्या टाकीतल्या उपयोगी जिवाणूंनाही मारते, म्हणून ग्रामीण भागात गाड्यांच्या मुक्कामाच्या कित्येक तळांवर फक्त हिरवे, म्हणजे फॉर्माल्डिहाइड नसलेले, द्रव्य वापरावे अशी पाटी असते. गुलाबी द्रव्य भांडे धुण्याच्या स्वतंत्र पाण्याच्या टाकीसाठी असते. ज्या गाडीत अशी स्वतंत्र टाकी नाही आणि भांड्याला पिण्याच्याच टाकीतले पाणी येते, तेथे गुलाबी द्रव्य पाण्यात मिसळले तर ते सकाळच्या चहात येईल, एवढे सांगितले की पुरे. ज्यांना द्रव्यच नको असेल त्यांच्यासाठी टाकीतली हवा छोट्या पंख्याने कोळशाच्या गाळणीतून बाहेर सोडण्याची सोयही मिळते. जावयाने ती अलीकडे बसवून घेतली आणि तो तिच्यावर खूश आहे.

एक मुद्दा मात्र इंग्रजी माहितीपत्रकांत कधीच सापडणार नाही, कारण तो आपला आहे. ही टाकी कागद वापरणाऱ्यांचा हिशोब धरून बनवलेली आहे. आपण पाणी वापरतो. भांडे धुवायला अर्धा लिटर आणि आपल्याला लागणारे पाऊण-एक लिटर धरले, तर १८ लिटरची टाकी बारा खेपांत काठोकाठ होते, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ती दिवसभरही पुरत नाही. पाणी वाढले की औषध पातळ होते आणि वास लवकर येतो, ते निराळेच. आम्ही चेपता येणारी अर्ध्या लिटरची बाटली ठेवली आहे, आणि टाकी रोज सकाळी चहाआधी रिकामी होते. इंग्लंडमध्ये ती रिकामी करण्याच्या जागेला 'एल्सन पॉइंट' म्हणतात. १९२० च्या दशकात एफ्राइम लुई जॅक्सन या गृहस्थाने रासायनिक संडास बाजारात आणला, त्याच्या नावाची आद्याक्षरे आणि 'सॅनिटेशन' यांवरून तो शब्द आला, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांतही तोच संडास होता. आज बहुतेक तळांवर अशी जागा आणि तिच्याशेजारी टाकी विसळण्याचा वेगळा नळ असतो.

हे आठवण्याचे कारण असे, की गेल्या हिवाळ्यात पुतण्याने भाड्याने घेतलेल्या कॅराव्हॅनमधून आम्ही कोकणात गेलो होतो. एका निवासस्थानाच्या व्यवस्थापकाला टाकी कोठे रिकामी करायची असे विचारले, तेव्हा त्याने प्रथम मागच्या वहाळाकडे बोट दाखवले, आणि आम्ही नको म्हणताच, 'पोराला पाठवतो, तो करील' असे सांगितले. पोरगा सतरा-अठरा वर्षांचा असेल, आणि त्याच्या हातात मोजेही नव्हते. टाकीत फॉर्माल्डिहाइड नव्हते, त्यामुळे मी ती त्यांच्याच संडासात थोडी थोडी ओतून आलो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पार्क उभारणाऱ्यांनी वीज आणि पाणी यांच्या बरोबरीने मैला रिकामा करण्याचे कुंड व विसळण्याचा वेगळा नळ बांधावा, आणि आपली टाकी आपणच रिकामी करावी अशी पाटी तेथे लावावी. याच कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला करू द्यावे यासाठी उपोषण केले होते, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे सोनखत करण्याचे प्रयोग चालवले. त्यांच्या मुलखात सुट्टीवर आलेल्या चार धडधाकट माणसांनी आपली टाकी एका पोराच्या डोक्यावर द्यावी, हे मला तरी जमले नाही.

तरी पुढच्या रविवारच्या पुरवणीत ब्लीचची सूचना मागे घेतल्याचे दोन ओळींत छापावे, अशी विनंती आहे. जागा असल्यास तिच्याऐवजी सायट्रिक आम्लाचे प्रमाण द्यावे: दहा लिटर कोमट पाण्याला अर्धा किलो, झाकण आधी सैल, मग टाकी पालथी, एक रात्र.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक,
ठाणे (सध्या मुक्काम लेस्टर, इंग्लंड)